वैशाखाचे दोन साक्षीदार

विंचूरच्या शिवारात चैत्र-वैशाख हा उन्हाळ कांद्याचा काळ. उपटलेला कांदा रानातच पसरलेला असतो. पात वाळली की बाया ओळीने बसून विळ्याने ती कापतात. काही माल लासलगाव बाजार समितीच्या विंचूर येथील उपबाजारात जातो, काही चाळीत पडतो. बांधावरच्या निंबाला याच दिवसांत मोहर असतो. मात्र कांदा कापणारीने मान वर करून तो मोहर पाहिला, असे क्वचितच घडते. या शिवारात बसून आम्ही उन्हाळ्याविषयीची दोन पुस्तके पुन्हा वाचली आणि मराठी साहित्याने या ऋतूला कितपत न्याय दिला, हा प्रश्न आमच्या मनात उभा राहिला.

पहिले पुस्तक दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६). मराठी ललित गद्यात या पुस्तकाचे स्थान वादातीत आहे. वसंत म्हणजे कोकिळा आणि आम्रमंजिरी, हा संस्कृत काव्यातून आलेला ठरीव साचा दुर्गाबाईंनी बाजूला सारला. पिंपळाच्या कोवळ्या पालवीइतक्याच आस्थेने त्या घाणेरीच्या उपेक्षित झुडपाकडेही पाहतात. जे रोज दिसते तेच नीट पाहावे, हा त्यांचा धडा मोलाचा आहे. तथापि या पुस्तकाचा सारा भर पाहणाऱ्या डोळ्यावर आहे, राबणाऱ्या हातावर नाही. झाडापाशी थांबण्याइतकी उसंत ज्याला आहे, त्याचा हा उन्हाळा आहे. 'लोकसाहित्याची रूपरेखा' लिहिणाऱ्या दुर्गाबाईंना लोकजीवन परके नव्हते, हे जाणूनच आम्ही ही उणीव नोंदवीत आहोत.

दुसरे पुस्तक 'बहिणाबाईंची गाणी' (१९५२). जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूप झाली. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी त्या वेळी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात. या सणावरील गाण्यात बहिणाबाईंनी त्या झोक्याच्या एका टोकाला माहेर आणि दुसऱ्या टोकाला सासर बसविले आहे. निंब येथेही आहे, पण तो केवळ पाहण्याचा वृक्ष नाही. वर्षभर राबलेल्या देहाला चार दिवस तोलून धरणारा तो आधार आहे. निसर्ग आणि संसार यांची अशी सांगड 'ऋतुचक्रा'त आम्हांस आढळली नाही.

म्हणून बहिणाबाई श्रेष्ठ आणि दुर्गाबाई कनिष्ठ, असा निवाडा आम्ही करीत नाही. एकीने पाहावयास शिकविले, दुसरीने आपल्या जगण्यातून ऋतू गाऊन दाखविला. आमची तक्रार आहे ती त्यांच्या नंतरच्यांविषयी, म्हणजे तुम्हां-आम्हांविषयी. आखाजीला पितरांच्या नावे पाण्याची घागर भरतात, तिच्यावर खरबूज व सांजोरी ठेवतात. ऐन टंचाईच्या दिवसांत पाण्याचे पहिले दान गेलेल्यांना, ही त्यामागील भावना. याच आखाजीपासून खानदेशात सालदाराचे नवे साल सुरू होते. एका माणसाच्या वर्षभराच्या कष्टाचा सौदा त्या दिवशी ठरतो. झोका, घागर आणि सौदा एकाच तिथीला एकत्र येतात. एवढे असूनही आमच्या नियतकालिकांतील, आणि आमच्या स्वतःच्याही, उन्हाळ्यावरील लेखांत कोकिळा हटकून येते. सालदार मात्र येत नाही. कांदा कापणारी तर नाहीच नाही.

सण एका धर्माचा असला, तरी ऊन, पाणी आणि मजुरी सर्वांचीच असते. आपल्या कित्येक ख्रिस्ती कुटुंबांच्या आजी-आजोबांनी याच रानांतून मजुरी केली आहे. पवित्र मरियेच्या या मे महिन्यात सायंकाळच्या रोझरीसाठी घरची मंडळी एकत्र जमतात, मुलांना शाळेची सुटी असते. प्रार्थनेनंतर अर्धा तास 'ऋतुचक्रा'तील चैत्र मुलांना वाचून दाखवावा, बहिणाबाईंचे आखाजीचे गाणे म्हणावे आणि मग आजीला विचारावे, "तुझा वैशाख कसा गेला, गं?" ती जे सांगेल ते वहीत उतरवून घ्यावे. दोन थोर लेखिकांच्या पुस्तकांत जे राहून गेले, ते कदाचित त्या वहीत सापडेल.