‘तारे जमीन पर’ : वर्गाबाहेर घडलेले अध्यापन

आमिर खान दिग्दर्शित आणि अमोल गुप्ते लिखित ‘तारे जमीन पर’ (२००७) या हिंदी चित्रपटाने ‘डिस्लेक्सिया’ ही संज्ञा घरोघरी पोहोचविली, हे त्याचे श्रेय वादातीत आहे. ‘आळशी’, ‘ढ’ अशा शिक्क्यांखाली दडपलेल्या मुलांकडे अनेक पालक निराळ्या दृष्टीने पाहू लागले. तथापि, ज्या वर्गात ईशान अवस्थी अपयशी ठरतो त्या वर्गाचे पुढे काय होते, हा प्रश्न शैक्षणिकदृष्ट्या अधिक महत्त्वाचा आहे.

या संदर्भात निवासी शाळेतील हिंदीच्या तासाचा प्रसंग सर्वाधिक बोलका ठरतो. कवितेचा अर्थ ईशान स्वतःच्या शब्दांत सांगतो. शिक्षक तो नाकारतात आणि ठरीव अर्थ म्हणून दाखविणाऱ्यास शाबासकी देतात. ईशानचाच अर्थ योग्य होता, हे त्याला नंतर राजन सांगतो. येथे वाचनाच्या अडचणीचा प्रश्नच उद्भवत नाही. ऐकून समजणे आणि बोलून सांगणे या दोन्ही गोष्टी मुलाला साधल्या आहेत. अडसर आहे तो एकच साचेबंद उत्तर मान्य करणाऱ्या अध्यापनपद्धतीचा. दिग्दर्शकाने नेमके मर्मस्थान हेरले आहे; मात्र पुढे तो तेथे परतत नाही.

कलाशिक्षक निकुंभ वाळूत अक्षरे गिरवून घेतो, मातीची अक्षरे घडवून घेतो, जिन्याच्या पायऱ्यांवर गणित शिकवितो. ऑर्टन व गिलिंगहॅम यांच्यापासून चालत आलेल्या बहुसंवेदी पद्धतीशी हे सुसंगतच आहे. परंतु हे सारे एक हंगामी शिक्षक एका विद्यार्थ्यासाठी, नेहमीच्या तासांव्यतिरिक्त करतो. वर्षअखेरीस अन्य शिक्षक ईशानचे कौतुक करतात खरे. त्यांच्या तासांत काही पालट झाल्याचे मात्र दिसत नाही. शिवाय कथेची सोडवणूक चित्रकला स्पर्धेतील विजयात होते. चित्रकलेत गती नसलेल्या ईशानने काय करावे? (आइन्स्टाइन, एडिसन यांना डिस्लेक्सिया असल्याचा चित्रपटातील दाखलाही निर्विवाद नाही.)

हीच मर्यादा व्यवस्थेतही आढळते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सूचीत अध्ययन अक्षमतेचा अंतर्भाव नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो केला. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती चित्रपटापूर्वीपासून होत्या. त्या आवश्यकच आहेत, पण त्या प्रमाणपत्रानंतर आणि परीक्षेपुरत्या मिळतात. फळ्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणे, काही उत्तरे तोंडी घेणे, नकलून घेण्याऐवजी छापील टिपण देणे यांसाठी कोणत्याही प्रमाणपत्राची गरज नसते.

निकुंभचा पहिला तास या दिशेने जाणारा एकमेव तास होय. तेथे विषय दिलेला नाही, मनाला येईल ते काढण्याची मुभा सर्वांना आहे. त्या तासालाही ईशानचा कागद कोराच राहतो, आणि हे दाखविण्याचा प्रामाणिकपणा चित्रपटाजवळ आहे.