माणसे एका भागात, गावे दुसऱ्या भागात

बारामती-इंदापूरचा इतिहास लिहू पाहणारा १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरकडे वळतोच. माहिती विपुल आहे. दोष मांडणीत आहे. माणसे जातवार पहिल्या भागात, गावे तिसऱ्यात. अत्तार, बागवान, तांबोळी, पिंजारी भेटतात, पण आपापल्या गावापासून तुटलेले. गावाच्या वाट्याला मग मोठी नावेच उरतात: बारामती मोरोपंतांची, इंदापूर मालोजीराजांचे.

ते खरेच आहे. पण नगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून मालोजींनी मुलांची नावे शहाजी, शरीफजी ठेवली, अशी परंपरा सांगते. इंदापुरातील चांदशावली दर्गा पाहताना ती आठवली, की गाव निराळे दिसते.

नुसती तक्रार पुरेशी नाही. घरातल्या सनदा, वक्फचे कागद, वडीलधाऱ्यांच्या आठवणी आपणच गाववार नोंदवायला हव्यात.