प्रोसेसरच्या कार्यक्षमतेची भाकिते : पुण्यातील महासंगणकांच्या अनुभवाधारे एक चिकित्सा

प्रस्तावना

नवा प्रोसेसर बाजारात येण्यापूर्वीच त्याच्या वेगाचे आकडे प्रसिद्ध होतात. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे हे आकडे भाकीत म्हणून वाचले जातात. वस्तुतः ते केवळ कमाल मर्यादा सांगतात. मर्यादा आणि भाकीत यांच्यातील ही गल्लत किती महाग पडू शकते, हे पुण्यात उभारलेल्या महासंगणकांच्या इतिहासावरून तपासता येते.

विवेचन

डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध केला. त्याचा आधार ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर हा होता. त्याच वर्षी इनमॉसने टी-९००० हा पुढील प्रोसेसर जाहीर केला. तो टी-८०० च्या दसपट वेगवान असेल, असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात तो रखडला आणि हे उद्दिष्ट त्याने कधीच गाठले नाही. १९९४ च्या ‘परम ९०००’ मध्ये मात्र सन कंपनीचे सुपरस्पार्क प्रोसेसर वापरले गेले आणि नवे प्रोसेसर सहज सामावून घेता येतील अशी सुटसुटीत रचना स्वीकारली गेली. एका उत्पादकाच्या आश्वासनावर संपूर्ण यंत्र अवलंबून न ठेवण्याचा हा निर्णय तांत्रिक दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

पुढील दशकात इंटेल व ए.एम.डी. यांच्या स्पर्धेत गिगाहर्ट्झ हेच कार्यक्षमतेचे माप मानले गेले. २००० मध्ये आलेल्या पेंटियम ४ ची रचना १० गिगाहर्ट्झपर्यंत जाईल, अशी अपेक्षा व्यक्त झाली होती. उष्णता व वीजवापर यांमुळे ती ३.८ गिगाहर्ट्झवर थांबली. ए.एम.डी.ने २००१ मध्ये १.५३ गिगाहर्ट्झच्या अ‍ॅथलॉन एक्सपीला ‘१८००+’ असे नाव दिले. घड्याळाचा वेग म्हणजे काम नव्हे, हा त्यामागील युक्तिवाद योग्य होता. परंतु त्यासाठी वापरलेला आकडाही विक्रेत्यानेच ठरविलेला होता, हे विसरता येत नाही.

घोषणा आणि मोजमाप यांतील अंतर पुढील उदाहरणांतून स्पष्ट होते. आयबीएमच्या पॉवर ४ प्रोसेसरांवरील ‘परम पद्म’ची सैद्धांतिक क्षमता ९९२ गिगाफ्लॉप्स होती, २००३ मध्ये लिनपॅक चाचणीत ५३२, म्हणजे सुमारे ५४ टक्के मिळाली. टाटा समूहाच्या पुण्यातील ‘एका’ने २००७ मध्ये जागतिक यादीत चौथे स्थान मिळविले. इंटेल झिऑनवर आधारित या यंत्राने १७०.९ पैकी ११७.९ टेराफ्लॉप्स, म्हणजे सुमारे ६९ टक्के गाठले. ए.एम.डी.चे प्रोसेसर व एनव्हिडियाचे ग्राफिक्स प्रोसेसर असलेल्या ‘परम सिद्धी-एआय’ने २०२० मध्ये ५.२७ पैकी ४.६२ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सुमारे ८८ टक्के दिले. हे श्रेय एकट्या प्रोसेसरचे नाही. स्मृती, जोडणीचे जाळे आणि आज्ञावली यांचाही त्यात वाटा असतो. शिवाय लिनपॅक ही प्रोसेसरला अनुकूल चाचणी आहे. हवामानाच्या प्रतिमानात माहिती स्मृतीतून वेळेवर न पोहोचल्याने हे प्रमाण बरेच घटते. अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादानुसार, कामाचा दहावा भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर कितीही प्रोसेसर जोडले तरी वेग दसपटीपलीकडे जात नाही.

निष्कर्ष

विश्वसनीय भाकीत प्रोसेसरपासून नव्हे, तर कामापासून सुरू होते. सी-डॅकच्या ‘औम’ या ९६ गाभ्यांच्या नियोजित प्रोसेसरसाठी घोषित झालेली ४.६ टेराफ्लॉप्सहून अधिक क्षमता हीदेखील सैद्धांतिकच आहे. स्वदेशी म्हणून तिला निराळा निकष लावता येणार नाही. हाच निकष लहान खरेदीलाही लागू पडतो. डहाणू तालुक्यातील आशागडसारख्या परिसरातील महाविद्यालयाने प्रयोगशाळेसाठी संगणक घेताना निविदेत केवळ गिगाहर्ट्झ व गाभ्यांची संख्या नोंदविली, तर निवड जाहिरातीच्या भाषेत होते. अभ्यासक्रमातील प्रत्यक्ष आज्ञावली नमुना-यंत्रावर चालवून लागणारा वेळ मोजण्याची अट घातल्यास मर्यादित निधीचा विनियोग अधिक सार्थ होईल.