दोन वाड्या

औंध संस्थानच्या मुलखांतील दोन वाड्या मराठी वाचकाच्या मनांत कायमच्या वसल्या आहेत. एक व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५), दुसरी किर्लोस्करवाडी. दुसरीची हकीकत शंतनुराव किर्लोस्करांच्या 'कॅक्टस अँड रोझेस' या इंग्रजी आत्मचरित्रांत आली आहे. निवडुंग गेला आणि गुलाब फुलला, असा वाडीचा सारा इतिहासच त्या नांवांत वाचकास दिसतो. रूपक मनोहर खरें. परंतु तें कोठवर ताणावें, याचा विचार अवश्य आहे.

बेळगांवची वस्ती वाढूं लागली तेव्हां लक्ष्मणरावांच्या कारखान्यास तेथील जागा सोडावी लागली. औंधच्या पंतप्रतिनिधींनीं आश्रय दिला आणि १९१० सालीं कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर वाडी उभी राहिली. लोखंडानें जमीन नासते, या समजुतीमुळें शेतकरी नांगर घेईना. तो घेऊं लागला तेव्हांच वाडीस बरकत आली. हा गिऱ्हाईक शेतकरी रूपकांत कोठेंच दिसत नाहीं, हा आमचा पहिला आक्षेप.

माडगूळकरांच्या वाडींतही राजेसाहेब येतात, तालीम उघडते; पण दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. राजाश्रय दोन्हीकडे होता. मग अंतर कशानें पडलें? एकीकडे आगगाडी आणि बाजारांत खपणारा माल. दुसरीकडे सारी भिस्त पावसावर. कर्तृत्वाच्या चरित्राशेजारीं ही कादंबरी ठेवावी, असें आम्ही म्हणतों तें याचसाठीं.

आमचा रोख व्यक्तीवर नाहीं, रूपकाच्या उसनवारीवर आहे. सांगलीहून मिरजेस जातांना विश्रामबागेच्या बाजूस बंगल्यांची दाट वस्ती लागते. १९९८ सालीं तर कुपवाडासह हीं शहरें एका महानगरपालिकेंत आलीं. साताऱ्याभोवतींही शेतांचे प्लॉट पडत आहेत. तेथेंही माळाचें नंदनवन झाल्याचें सांगण्यांत येतें. पण कृष्णाकाठच्या काळ्या रानांत निवडुंग कोठला? तेथें उभी पिकें होतीं. ओसाडींत गांव वसविणें आणि पिकत्या जमिनीवर बंगला बांधणें, या दोहोंस 'विकास' हा एकच शब्द लावला, म्हणजे शब्द खोटा पडतो. आणि पुढची पिढी त्या खोट्या शब्दानेंच विचार करूं लागते.

गुलाब अवश्य वाखाणावेत. मात्र त्यांच्याखालीं पूर्वीं काय उगवत होतें, हें आधीं विचारावें.