जागा हाय तिकडं

इमारतीचे परीक्षण कोणी लिहीत नाही. नाटकाचे होते, पुस्तकाचे होते, लग्नातल्या जेवणाचे तर पंगत उठण्याआधीच होते. पण भर गावात मोठे सभागृह उभे राहते, फीत कापली जाते, आणि परीक्षण तेवढे राहून जाते. ते काम मी अंगावर घेतले आहे. माझी पात्रता एवढीच, की मी विष्णुपुरीत राहतो, माझ्याकडे जुनी स्कूटर आहे आणि मागच्या सीटवर गुडघे दुखणारी बायको.

परवा शहरातल्या एका नव्या सभागृहात नाटकाला गेलो. (सभागृहाचे नाव सांगत नाही. पुन्हा तिथेच जायचे आहे.) लातूर फाटा, गोदावरीचा पूल करत अर्धा तास आधी पोचलो. फाटकात शिटीवाला उभा.

"काका, गाडी तिकडं लावा."

"तिकडं म्हणजे कुठं?"

"जिकडं जागा हाय तिकडं!"

आपल्या नगररचनेचे सगळे धोरण या चार शब्दांत आले. नकाशातला वाहनतळ म्हणजे तळघर. त्यात मंडपाच्या खुर्च्या रचलेल्या. बाहेर 2008 च्या गुरू-ता-गद्दीच्या सोहळ्यासाठी रुंद झालेला रस्ता होता, पण ती रुंदी दोन्ही बाजूंच्या मोटारींनी आधीच वाटून घेतली होती. शेवटी स्कूटर एका औषधाच्या दुकानासमोर लावली, दुकानदाराचे बोलणे ऐकले आणि हिचे गुडघे सांभाळत परत आलो. तोवर पहिला अंक संपत आला होता.

मध्यंतरात चहापाशी एकच ठराव झाला : "पार्किंग वाढवायला पाहिजे!" टाळ्या वाजवणार होतो, पण मी जन्मभर गणित शिकवले आहे. 2020 च्या राज्याच्या नियमावलीत मोठ्या मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरली आहे आणि स्कूटरला एक बाय दोन. म्हणजे एका मोटारीच्या जागेत सहा स्कूटरी. मोटारीतून एक साहेब आणि त्यांचा मोबाईल उतरतो. सहा स्कूटरींवरून बारा माणसे उतरतात, पुढे उभी केलेली पोरे वेगळी. आणि जो रिक्षाने आला, एस्टीने आला, त्याला किती चौरस मीटर? शून्य! त्याला उतरायला पायरीसुद्धा नाही.

अमेरिकेत डोनाल्ड शूप नावाच्या प्राध्यापकांनी 2005 साली फुकट पार्किंगवर सातशेच्या वर पानांचा ग्रंथ लिहिला. सार एवढेच, की फुकट पार्किंग फुकट नसते. त्याचे पैसे सगळ्यांकडून वसूल होतात, पायी येणाऱ्याकडूनही. हे प्राध्यापक स्वतः सायकलवर फिरत. आपल्याकडे असा माणूस फाटकातच अडवला असता.

मग इमारती गावाबाहेर न्याव्यात काय? तो प्रयोग आमच्या विष्णुपुरीत झाला आहे. 1981 चे अभियांत्रिकी महाविद्यालय, 1994 चे विद्यापीठ आणि आता सरकारी रुग्णालय. जागा ऐसपैस. पण किनवट-माहूरकडची म्हातारी पेशंटचा डबा घेऊन एस्टीने नांदेडला उतरते, मग रिक्षा शोधते, मग आवारात चालते. तिची गाडी कुठे लावायची हा प्रश्नच नाही; तिला पोचायचे कसे, हा आहे. तो कोणी नकाशात काढत नाही.

म्हणून या परीक्षकाची शिफारस अशी : तळघरातल्या खुर्च्या हलवा. दाराशी रिक्षा थांबेल एवढी जागा आणि एक बाक ठेवा. खेळ सुटल्यावर बस सोडा. आसपासच्या शाळा-कचेऱ्यांची पटांगणे संध्याकाळी ओस असतात, ती उघडा. एवढे करून गाड्या उरल्या, तर खुशाल मजले चढवा.

रात्री स्कूटर चार मोटारींच्या मध्ये अडकलेली. शिटीवाल्यानेच ती उचलून बाहेर काढून दिली. मी विचारले, "तुम्ही घरी कशानं जाता?"

"पायी. रात्री रिक्षा परवडत न्हाई, काका."

वाटेत ही बराच वेळ गप्प होती. पुलावर म्हणाली, "नाटक चांगलं होतं. पुढच्या वेळी पहिला अंकही बघू."