दुसरी शिडी

‘तोत्तोचान’ म्हटलं की आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा आठवते. तेत्सुको कुरोयानागी यांच्या १९८१ सालच्या या आठवणींच्या पुस्तकातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मात्र झाडावर चढण्याचं प्रकरण.

टोकियोच्या तोमोए शाळेत मुलांनी आपापली झाडं ठरवून घेतलेली. पोलिओ झालेल्या यासुआकीला झाडावर चढणं कधी जमलेलंच नाही, म्हणून तोत्तोचान, म्हणजे लहानपणची लेखिकाच, त्याला आपल्या झाडावर बोलावते. खोपटातली शिडी आणून बुंध्याला टेकवते, स्वतः भराभर वर जाते आणि वरून शिडी धरते. त्याला पहिल्या पायरीवरही पाय ठेववत नाही. ती खाली येऊन मागून ढकलू लागते, पण मग शिडी कोण धरणार? तो मान खाली घालून उभा राहतो.

पहिली शिडी तिने आपल्या हातापायांच्या हिशेबाने आणली होती. माया पहिल्यापासून होती. अडचण मात्र तिला आत्ता दिसते. ती त्याची समजूत काढत बसत नाही. गाल फुगवून त्याला हसवायला बघते आणि पुन्हा खोपटात घुसते. एकेक वस्तू बाहेर ओढताना तिला सापडते ती स्वतःच्या पायांवर उभी राहणारी घडीची शिडी. आता तिचे हात मोकळे! ती त्याचा एकेक पाय उचलून पायरीवर ठेवते, डोक्याने त्याला आधार देते. चढतो मात्र तोच. आणि शिडीच्या टोकाला पोचल्यावरही फांदी थोडी लांबच राहते, तेव्हा त्याला आडवं करून ओढून घ्यावं लागतं. लेखिकेने ही धडपड जराही सोपी केलेली नाही, म्हणून ती खरी वाटते.

याच शाळेत मुख्याध्यापक कोबायाशी सरांनी ताकाहाशी या बुटक्या मुलाला पहिला नंबर मिळावा अशा शर्यती योजल्या होत्या, आणि त्याचा गवगवा केला नव्हता. अशा शाळेतल्या मुलीला दुसरी शिडी सुचली, यात मला नवल वाटत नाही.

तिसरी-चौथीच्या वर्गात हे वाचताना, यासुआकी मान खाली घालतो तिथेच बाईंनी पुस्तक मिटावं. आता काय करायचं, एवढंच विचारावं. कुणी दोर सुचवेल, कुणी टोपलीत बसवून वर ओढायला सांगेल. एकही उपाय खोडू नये. फक्त पुढे विचारावं: टोपलीत बसलेल्याला कसं वाटेल? आणि त्याला स्वतःच चढायचं असेल तर?