आज्ञापत्रांतील टोपीकर-प्रकरण व बंदरांची परकी मालकी

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील साहुकारांविषयींचें प्रकरण अलीकडे फार मागणीचें झालें आहे. एखादें बंदर परकी कंपनीच्या हातीं गेल्याची वार्ता आली कीं टोपीकरांविषयींचा त्यांतील मजकूर पुढें करण्यांत येतो, व परक्यास किनाऱ्यावर पायच ठेवूं देऊं नये असें अमात्य सांगून गेले, असा निर्णय देऊन लेखक मोकळे होतात. मूळ ग्रंथ शांतपणें वाचला असतां हा अर्थ त्यांतून निघत नाहीं, असें आमचें मत आहे. आणि ज्या ग्रंथाचा आधार राज्यकारभाराच्या वादांत घेतला जातो, त्याचा अर्थ सैल ठेवणें इष्ट नाहीं.

प्रथम हें ध्यानीं घेतलें पाहिजे कीं, या प्रकरणाचा आरंभ साहुकारांच्या गौरवानें होतो. साहुकार ही राज्याची शोभा. त्यांस अभय देऊन बंदरांत आणावें, त्यांची आबादी करावी, हा तेथील मुख्य विधि आहे. टोपीकर हा त्याचा अपवाद, आणि अपवादाचीं कारणेंही अमात्यांनीं दिलीं आहेत. यांच्या पाठीशीं एकेक राजा आहे. यांचें बळ आरमार, तोफा व दारूगोळा यांत आहे. आणि हातीं आलेलें स्थळ हे लोक सहसा सोडीत नाहींत. म्हणून यांनीं यावें, व्यापार करावा व जावें. वखारीस जागा देणें भागच पडलें, तर ती खाडीच्या मुखाशीं किंवा समुद्रतीरीं न देतां राजापुरासारख्या आंतील पेठेजवळ, सखल जागीं द्यावी, व पक्की इमारत होऊं देऊं नये. ही सरसकट बंदी नव्हे. या अटी आहेत, आणि त्या अटींतच या प्रकरणाचें खरें मर्म आहे.

राजापूरच कां? इ. स. १६६० मध्यें सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हां राजापूरच्या वखारींतील इंग्रजांनीं त्यास तोफा व गोळे यांची मदत केली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. म्हणजे आंतील पेठेंत वखार दिल्यानें त्यांचा उपद्रव टळला नाहीं. परंतु पुढल्याच वर्षीं शिवाजी महाराजांनीं राजापुरावर चालून जाऊन वखार लुटली व तेथील इंग्रजांस कैद केलें. ते १६६३ पर्यंत सुटले नाहींत. वखार जमिनीच्या वाटेनें हातीं लागण्यासारखी होती, म्हणूनच हें घडूं शकलें. मुंबईची गोष्ट निराळी. १६६१ च्या विवाहकरारानें तें बेट पोर्तुगीजांनीं इंग्लंडच्या राजास देऊं केलें. गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रो यानें कळकळीनें विरोध केला, तरी १६६५ मध्यें तें ताब्यांत द्यावेंच लागलें. आणि १६६८ मध्यें राजानें वार्षिक दहा पौंड खंडानें तें कंपनीस दिलें. तें परत घेणें पुढें कोणासही साधलें नाहीं. तेव्हां अमात्यांची कसोटी परकेपणाची नसून, दिलेलें स्थळ आपणांस परत घेतां येईल कीं नाहीं, ही होय.

अमात्यांचा एक दोष मात्र झांकून ठेवणें योग्य नाहीं. पोर्तुगीज सरकारचे अंमलदार व सनद घेऊन व्यापार करणारी इंग्रज कंपनी या दोहोंस त्यांनीं एकाच मापानें मोजलें आहे. कायद्याच्या दृष्टीनें हा भेद लहान नाहीं. पण जी कंपनी दहा पौंडांवर राजाकडून बेट घेते, तिच्यांत व राजांत कितीसें अंतर धरावें? या ठिकाणीं अमात्यांची ढोबळ दृष्टीच अधिक खरी ठरली.

आणि ती विसरली गेली तेव्हां काय झालें, हें सांगावयास बाणकोट आहे. तुळाजी आंग्र्याचा पाडाव करण्यासाठीं नानासाहेब पेशव्यांनीं इंग्रजांचें आरमार बोलावलें, आणि १७५५-५६ च्या करारांनीं सावित्रीच्या मुखावरील बाणकोट त्यांस दिलें. खाडीचें मुख व वर बांधलेला किल्ला! आज्ञापत्र लिहून जेमतेम चाळीस वर्षें लोटलीं होतीं. आंग्र्यांविषयीं पेशव्यांची तक्रार खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. किंमत मात्र भारी पडली.

आतां चालू काळाच्या वादाकडे वळूं. २००६ मध्यें दुबई सरकारच्या मालकीच्या डीपी वर्ल्डनें पी. अँड ओ. ही ब्रिटिश कंपनी विकत घेतली. तिच्याकडे न्यू यॉर्क, बाल्टिमोर, मायामी इत्यादि अमेरिकन बंदरांतील धक्क्यांचें कामकाज होतें. अमेरिकन काँग्रेसमध्यें एवढा गदारोळ झाला कीं, तें काम दुसऱ्याकडे सोंपवण्याचें कंपनीस मार्च महिन्यांत जाहीर करावें लागलें. पूर्वीची कंपनीही परकीच होती. तिच्याविषयीं असा क्षोभ झाला नव्हता. म्हणजे वाद करणाऱ्यांनीं अमात्यांचा पहिला प्रश्न, पाठीशीं राज्य आहे काय, हा विचारला. पण जकात व तटरक्षक दल अमेरिकेच्याच हातीं राहणार होतें, याचा विचार थोड्यांनींच केला. त्याच खरेदीनें आपल्या न्हावा-शेव्यांतील, १९९७ च्या करारानें तीस वर्षांकरितां दिलेला धक्काही डीपी वर्ल्डकडे आला, आणि येथें तसा कल्लोळ उठला नाहीं. उलट श्रीलंकेंतील हंबनटोटा २०१७ मध्यें चिनी सरकारी कंपनीस ९९ वर्षांच्या पट्ट्यानें दिलें गेलें. संरक्षण श्रीलंकेकडेच राहील असें तेथें ठरलें असलें, तरी तीन पिढ्यांच्या मुदतीस परत घेण्याच्या शक्तीची कसोटी लावून पाहावीच लागते.

या विषयाचें साधन अजून अपुरें आहे. बाणकोट व राजापूर येथील वखारींचे इंग्रजी कागद मुबलक छापले गेले. आपल्या बाजूचे कौल, दस्तकें व जकातीचे हिशेब यांची तशी छपाई झालेली नाहीं. कोंकणांतील ज्या घराण्यांच्या दप्तरांत १७५५-५६ च्या सुमाराचे असे कागद असतील, त्यांनीं निदान त्यांच्या नकला तरी मंडळाकडे पाठवाव्या, अशी आमची विनंति आहे. कागद जीर्ण असल्यास ते उलगडण्याचा प्रयत्न न करितां तसेच ठेवून कळवावें.